नव्या क्रेटाच्या भावात जुनी मर्सिडीज

दहा-बारा वर्षांपूर्वी पन्नास लाखांच्या वर किंमत असलेली डिझेल एसयूव्ही आज नव्या क्रेटाच्या भावात मिळते. मर्सिडीजची एमएल, बीएमडब्ल्यूची एक्स३ किंवा एक्स५, ऑडीची क्यू७, लँड रोव्हरची डिस्कव्हरी. पुण्या-मुंबईच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात या गाड्या धुऊनपुसून, टायरला काळं पॉलिश मारून रांगेत उभ्या असतात. गिऱ्हाईक बहुधा पस्तिशी-चाळिशीतलं असतं आणि ही गाडी त्याच्या मनात कॉलेजपासून असते. त्या हौसेत मला काहीही वावगं वाटत नाही. पण हौसेने घेतलेली अशी गाडी दुसऱ्याच वर्षी पडत्या भावात काढून टाकणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि तशीच गाडी वर्षानुवर्षं समाधानाने वापरणारीही. दोघांनी पैसे साधारण सारखेच मोजलेले असतात. मग फरक कुठे पडतो?

त्यासाठी हा संवाद मांडतो आहे. मामा पुण्यात जर्मन गाड्यांचं गॅरेज चालवतात. भाची सीए आहे. तिच्या मोठ्या भावाने, म्हणजे दादाने, २०१३ सालची एमएल ३५० सीडीआय पसंत केली आहे आणि टोकन द्यायच्या आधी ती मामांना गाठायला आली आहे. दोघंही कल्पित आहेत. त्यांची मतं मात्र कुठल्याही गॅरेजच्या दारात ऐकायला मिळतील.

भाची : मामा, दादाला या गाडीच्या नादी तुम्हीच लावलंय.

मामा : नादी लावायला तो काय लहान आहे? त्याने विचारलं, ओएम६४२ इंजिन कसं आहे. मी सांगितलं, उत्तम आहे. तीन लिटरचं व्ही६, ६२० न्यूटन-मीटर टॉर्क. खंबाटकी चढताना गाडीत पाच माणसं आणि सामान आहे हे इंजिनाला कळतसुद्धा नाही. माझ्या गॅरेजला अशी इंजिनं येतात, तीन लाख किलोमीटर झालेली, हेड कधी उघडलेलं नाही.

भाची : एवढं उत्तम आहे तर पन्नास लाखांची वस्तू पंधरा लाखांवर का आली?

मामा : भाव इंजिनामुळे उतरत नाही. पहिला मालक चार वर्षांत नवं मॉडेल घेतो, कंपन्यांच्या नावावरच्या गाड्या घसारा संपला की बाहेर पडतात. आणि दिल्ली. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ती उचलून धरली. पुढे त्यावर कोर्टात बरंच झालं, पण मालकांच्या मनात भीती बसली ती बसली. तिकडच्या गाड्या मिळेल त्या भावात बाहेर निघाल्या आणि त्यातल्या कितीतरी आपल्याकडे आल्या. त्यामुळे इथल्या गाड्यांचाही भाव पडला.

भाची : म्हणजे दिल्लीची गाडी घ्यायची नाही.

मामा : असं नाही म्हणालो. दिल्लीची गाडी समुद्राच्या हवेत उभी नसते, गंज कमी असतो. पण तिथल्या आरटीओची एनओसी हवी, कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरलेला हवा, चलनं भरलेली हवीत, आणि इथे नव्याने नंबर घेताना महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो. एजंट "सगळं होऊन जाईल" म्हणतो. ते सगळं झाल्यावर पैसे द्यावेत. आधी नाही.

भाची : कागदांचं मला कळतं. मला न कळणारी गोष्ट वेगळी आहे. गाडीचा भाव उतरला, पण तिच्या पार्टचा भाव उतरला का? दादा पंधरा लाखांची गाडी घेतोय असं समजतोय. माझ्या हिशोबाने तो पन्नास लाखांचीच गाडी घेतोय, फक्त पहिले पस्तीस लाख दुसऱ्याने भरलेत. पुढचा खर्च पन्नास लाखांच्या गाडीचाच आहे. आमच्या आजीच्या भाषेत, नाकापेक्षा मोती जड.

मामा : हे तू बरोबर बोललीस. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, फक्त तपशील आहे.

तपशिलासाठी मामा तिला आतल्या लिफ्टपाशी घेऊन गेले. तिथे याच इंजिनाची दुसरी एक गाडी उघडलेली होती.

मामा : हे बघ. दोन बाजूंना तीन-तीन सिलिंडर, मधे ही दरी. या दरीच्या तळाशी ऑइल कूलर बसवलाय. त्याच्याखाली रबरी सील असतात, बोटात घालायच्या अंगठीपेक्षा जरा मोठे. सुरुवातीच्या गाड्यांत ते केशरी रंगाचे होते. खालून-वरून इंजिनाची उष्णता, त्यात ते कडक होतात, चिरतात आणि तेल दरीत साठतं. मग ते मागच्या बाजूने गिअरबॉक्सच्या तोंडावर ओघळतं. मेकॅनिक नवखा असेल तर मागचं क्रँक सील गेलं म्हणतो आणि गिअरबॉक्स उतरवतो. गळती तशीच राहते. नंतर कंपनीनेच सीलचं मटेरियल बदललं. नवे जांभळट रंगाचे येतात, ते टिकतात.

भाची : सील केवढ्याला?

मामा : किरकोळ. पण तिथे पोचायला टर्बो काढावा लागतो, इनटेक मॅनिफोल्ड काढावे लागतात, इंजेक्टरच्या नळ्या सोडवाव्या लागतात. दोन माणसं दोन-तीन दिवस. आणि एवढं उघडलंच आहे तर तिथला प्रत्येक जुना गॅस्केट बदलायचा. इनटेकच्या पुढे ही छोटी मोटर दिसतेय ना, स्वर्ल फ्लॅपची? टर्बोच्या तोंडाचं सील पाझरलं की तेल थेंबाथेंबाने हिच्यावर पडतं आणि ही मरते. सील स्वस्त, मोटर महाग. म्हणून जुनी ओएम६४२ बघायला गेलो की मी पहिल्यांदा प्लास्टिकचं कव्हर काढून टॉर्चने दरीत बघतो. कोरडी असेल तर आनंद. ओली असेल तर विक्रेत्याशी बोलायला एक ठोस मुद्दा हातात येतो.

भाची : दादा म्हणतो, मर्सिडीज चाकणला बनते, पार्टची काय चिंता.

मामा : चाकणला जुळणी होते. ऑडीची शेंद्र्याला होते, लँड रोव्हरची पुण्यातच होते, २०११ मध्ये फ्रीलँडरपासून सुरू झाली. त्याचा फायदा नवी गाडी घेणाऱ्याला, त्याची कस्टम ड्युटी वाचते. दहा वर्षं जुन्या इंजिनाचा टर्बो, इंजेक्टर, एअर सस्पेन्शनचा फुगा, हे बाहेरूनच यायचं.

भाची : मग मी म्हणते तेच खरं. घेऊच नये.

मामा : थांब. या खर्चाला मी खर्च म्हणतो, फसवणूक म्हणत नाही. तो ठाऊक असतो, मोजता येतो, घासाघीस करून गाडीच्या भावातून वळता करता येतो. गाडी खरी मरते ती दुसऱ्याच कारणाने. दादा रोज किती चालवणार?

भाची : कोथरूडहून बाणेर. आठ-नऊ किलोमीटर. परत येताना मुलीला क्लासमधून घ्यायचं. मग वर्षातून दोनदा कोकण.

मामा काही क्षण गप्प राहिले, आणि माझ्या मते या संवादातला सगळ्यात महत्त्वाचा भाग इथून सुरू होतो. जुनी डिझेल एसयूव्ही घेणारे मॉडेल विचारतात, ॲव्हरेज विचारतात, सनरूफ उघडतो का ते बघतात. रोजचा प्रवास किती लांबीचा आहे, हा प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही.

मामा : डिझेल इंजिन तापायला पेट्रोलपेक्षा वेळ घेतं. आठ किलोमीटरच्या सिग्नल-सिग्नल प्रवासात ते जेमतेम तापतं आणि तू बंद करतेस. थंड इंजिन काजळी जास्त करतं. ती काजळी ईजीआरमध्ये, म्हणजे धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, बसते, इनटेकमध्ये तेलाच्या वाफेबरोबर मिसळून डांबरासारखा थर होतो. आणि डीपीएफ असेल तर त्याच्यात साठते.

भाची : डीपीएफ म्हणजे सायलेन्सरमधला फिल्टर.

मामा : हो. बारीक छिद्रांचा सिरॅमिकचा ठोकळा. काजळी अडवतो म्हणून तो भरतोच, आणि भरला की स्वतःला जाळून साफ करतो. त्याला रिजनरेशन म्हणतात. कॉम्प्युटर जादा डिझेल सोडतो, फिल्टरचं तापमान सहाशे डिग्रीच्या आसपास नेतो आणि काजळी जळून जाते. त्यासाठी गाडी हायवेला पंधरा-वीस मिनिटं एका लयीत चालायला हवी. आता दादाचं काय होईल बघ. चांदणी चौकाच्या आसपास रिजन सुरू होतं. आयडलिंग थोडं वाढतं, ॲव्हरेजचा आकडा अचानक पडतो, जळका वास येतो. दादा ऑफिसात पोचतो, गाडी बंद करतो. पुढचा पंखा मोठ्याने फिरतच राहतो. दादाला वाटतं उकाडा आहे. प्रत्यक्षात गाडी सांगत असते की मला अर्ध्यात थांबवलं. संध्याकाळी पुन्हा सुरू, पुन्हा बंद. प्रत्येक वेळी जाळायला सोडलेल्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतो.

भाची : मग ऑइल पातळ होणार.

मामा : पातळ होतं आणि वाढतं. डिपस्टिक असेल तर खुणेच्या वर दिसतं. लोक खूश होतात, आमची गाडी तेल खात नाही. ऑइल वाढलेलं दिसलं तर घाबरायला पाहिजे! पातळ तेलावर टर्बोचं बेअरिंग जातं, टायमिंग चेन ढिली पडते. लँड रोव्हरच्या इंजेनियम डिझेलला हा त्रास फार. इव्होक, डिस्कव्हरी स्पोर्ट या गाड्यांत फिल्टर इंजिनापासून लांब पडतो, लवकर तापत नाही, सारखं रिजन लागतं. आणि त्या इंजिनाची चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. चेनचा खडखडाट ऐकू आला तर मोठं काम.

भाची : दादाच्या गाडीला हा फिल्टर आहे?

मामा : चेसिस नंबर टाकून बघावं लागेल. बीएस४च्या काळात काही गाड्यांना होता, काहींना नव्हता. एप्रिल २०२०नंतरच्या बीएस६ला तो आहेच, शिवाय बहुतेक मोठ्या गाड्यांना ॲडब्लू. युरियाचं पाणी, ३२.५ टक्के. ते संपलं किंवा त्याचा सेन्सर बिघडला की गाडी उलटी गिनती दाखवते, अमुक किलोमीटरनंतर चालू होणार नाही. आणि ती खरंच होत नाही. समजा दादाच्या गाडीला फिल्टर नाही. तरी ईजीआर आहेच. आणि २०१३ची गाडी म्हणजे तिने जुनं डिझेल प्यायलेलं आहे. तेव्हा बीएस४चं, ५० पीपीएम गंधकाचं डिझेल मोजक्याच शहरांत मिळायचं. महाराष्ट्रात आधी मुंबई, पुणे आणि सोलापूर. बाकीकडे ३५० पीपीएम. गंधकाचं आम्ल होतं, ते तेल लवकर नासवतं. देशभर ५० पीपीएम झालं २०१७ मध्ये, १० पीपीएम २०२० मध्ये. म्हणून या वयाच्या गाडीचा सर्व्हिस रेकॉर्ड बघताना मी विचारतो, तेल किती किलोमीटरला बदललं? दहा हजारांच्या आत बदललं असेल तर मालक जाणकार होता. आणि कोणतं बदललं? मर्सिडीजच्या डीपीएफवाल्या डिझेलला २२९.५१ दर्जाचं, कमी राखेचं तेल लागतं. साधं तेल जळून जी राख होते ती फिल्टरमध्ये बसते, आणि राख कुठलंही रिजन जाळू शकत नाही.

भाची : फिल्टर भरलाच तर काय करतात लोक?

मामा : कंपनीचा नवा घ्यायचा, नाहीतर उतरवून धुऊन-भाजून साफ करून घ्यायचा. आणि तिसरा मार्ग बाजारात सगळ्यांना माहीत आहे. फिल्टर पोकळ करायचा, ईजीआरला पत्रा मारायचा, कॉम्प्युटर रिमॅप करायचा. दिवा विझतो, गाडी पळते. पीयूसीच्या धुराच्या चाचणीत सहजासहजी सापडतही नाही. माझ्याकडे रोज कोणीतरी विचारतं. मी करत नाही. कर्वे रोडच्या सिग्नलला त्या गाडीच्या मागे स्कूटरवर कोणाचं तरी लेकरू असतं.

इथे मला मामांच्या बाजूने बोलायचं आहे. फिल्टर काढलेली गाडी विकणारे तिला "डिलिट केलेली, टेन्शन नाही" अशी जाहिरात करतात आणि घेणाऱ्याला तो फायदा वाटतो. तो फायदा नाही. नियमाने ती गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. रिमॅप कोणी आणि काय केला याचा पत्ता नसतो. पुढे कुठल्याही कारणाने कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेलात तर पहिला प्रश्न त्याचाच निघतो. आणि शहराच्या हवेत जी काजळी सोडली जाते ती सगळ्यांच्या फुप्फुसात जाते, मालकाच्या घरच्यांच्याही. असा सौदा सोडून द्यावा.

भाची : बरं. समजा वापर बरोबर आहे, माणूस हायवेचा आहे. मग तपासून सगळं कळतं?

मामा : बरंचसं कळतं. एअर सस्पेन्शनचंच बघ. विक्रेत्याला सांगायचं, गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेव. रात्री टेप घेऊन चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या काठापर्यंत माप घ्यायचं, सकाळी पुन्हा घ्यायचं. एखादा कोपरा बोटभर बसला असेल तर फुगा गळतोय. फुगा गळतो म्हणून कॉम्प्रेसर जास्त चालतो आणि तोही जातो. एका गळक्या रबरापायी दोन पार्ट. लोक शोरूमला गाडी बघतात, तोवर ती चालू करून उभी केलेली असते. त्यात काहीच दिसत नाही.

भाची : अजून?

मामा : चार टायर. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, सारखे झिजलेले. चारही चाकं ओढणाऱ्या बीएमडब्ल्यूत दोन टायर नवे, दोन गुळगुळीत असले की ट्रान्सफर केस सतत झगडतो आणि झिजतो. शिवाय टायरमध्ये काटकसर करणाऱ्या मालकाने तेलातही केलेली असते. मग गिअरबॉक्स. झेडएफच्या आठ गिअरच्या बॉक्सला गाडीवाले "लाइफटाइम ऑइल" म्हणतात. बॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः मात्र ऐंशी हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान बदला म्हणते. बदललेल्याची पावती असेल तर मी त्या गाडीला दहा मार्क जास्त देतो.

भाची : बीएमडब्ल्यूच्या आगीच्या बातम्या यायच्या ना?

मामा : ईजीआर कूलर. आतून कूलंट गळायचं, काजळीत मिसळायचं, आणि गरम धुराने पेटायचं. २०१८ मध्ये कोरियात गाड्या जळाल्या, मग जगभर सुमारे सोळा लाख डिझेल गाड्या परत बोलावल्या. जुनी बीएमडब्ल्यू घेताना चेसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारायचं, या गाडीचं रिकॉलचं काम झालंय का. एवढंच काम. कोणी करत नाही. त्यांच्या जुन्या एन४७ दोन लिटर डिझेलची चेनसुद्धा मागे असते, ती थंड इंजिनाला कान लावून ऐकायची.

भाची : आणि पूर?

मामा : सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढायचा. चिखलाच्या पाण्याची रेघ पट्ट्याच्या तळाशी राहते, तिथपर्यंत धुणाऱ्याचा हात जात नाही. सीटच्या बोल्टांवर गंज, गालिच्याखाली ओल. या गाड्यांचे कितीतरी कंट्रोल युनिट सीटखाली नाहीतर गालिच्याखाली असतात. पुराची गाडी असेल तर भाव कितीही कमी असो, हात जोडायचे.

भाची : मामा, तुम्ही "बरंचसं कळतं" म्हणालात. जे कळत नाही ते सांगा.

मामा : डिस्कव्हरी ४. तीन लिटरचं व्ही६ डिझेल. फोर्ड आणि प्यूजोने मिळून केलेलं इंजिन, टाटांनी २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर घेतली त्याच्या आधीपासूनचं घराणं. गाडी म्हणशील तर डोंगरात तिच्यासारखी दुसरी नाही. पण त्या इंजिनात क्रँकच्या बेअरिंगचा शेल जागचा फिरतो. फिरला की तेलाचं भोक झाकतो, तेल थांबतं, आणि क्रँक तुटतो. हायवेला चालता चालता. आधी आवाज येईलच असं नाही, स्कॅनरमध्ये दिसेलच असं नाही, रेकॉर्ड चोख असलेल्या गाड्यांतही झालेलं आहे. इंजिनच बदलायचं. आणि त्या गाडीच्या टर्बोपर्यंत पोचायला पुष्कळ गॅरेजवाले अख्खी बॉडी चासीवरून उचलतात.

भाची : अजून एक असेल असं.

मामा : बॉशचा सीपी४ पंप. ऑडीच्या पुढच्या तीन लिटर टीडीआयमध्ये आहे, इतरांतही. त्याला वंगण डिझेलचंच. डिझेलमध्ये पाणी आलं, भेसळ आली की पंप आतून घासतो आणि लोखंडाचा बारीक चुरा पुढे पाठवतो. रेलमध्ये, सगळ्या इंजेक्टरमध्ये, परतीच्या नळीने टाकीत. मग पंप एकटा बदलून चालत नाही, टाकीपासून इंजेक्टरपर्यंत सगळं. घेण्याआधी पंपावरचा व्हॉल्व्ह काढून आत चकाकी दिसते का बघता येतं, पण किती विक्रेते तो खोलू देतील? आणि आज चकाकी नाही म्हणजे सहा महिन्यांनी नसेल, असं मी लिहून देऊ शकत नाही.

भाची : तेच म्हणतेय मी. तुमच्याकडे लिफ्ट आहे, स्कॅनर आहे, तीस वर्षांचा हात आहे. तुम्हाला धोका पेलतो. पगारदार माणसाने कर्ज काढून हा धोका का घ्यावा? जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज नव्यापेक्षा जास्त. झिरो डेप विमा एवढ्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. पाणी शिरून इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत ते धरत नाहीत. म्हणजे गाडी गॅरेजमध्ये आणि हप्ता चालू. शिवाय २०१३ची गाडी २०२८ मध्ये पंधरा वर्षांची होते. पुन्हा पासिंग, पर्यावरण कर, मग दर पाच वर्षांनी तेच.

मामा : कर्ज काढून घेऊ नये, हे मला मान्य आहे. अगदी मान्य. पण तुझं "कोणीच घेऊ नये" मान्य नाही. कोल्हापूरचे माझे एक गिऱ्हाईक आहेत, आठवड्याला मुंबई. अशीच जुनी सहा सिलिंडर डिझेल गाडी. त्यांच्या गाडीचा ईजीआर उघडला तर आत चमच्याने खरवडायलाही काजळी नाही. तेवढ्या पैशांत त्यांना नवी लहान गाडी मिळाली असती. पण रात्री पावसात घाट उतरताना जी ताकद, जे ब्रेक, जी पकड मिळते ती नव्या लहान गाडीत कुठून येणार? त्यांची चैन नाही ती. रोज रस्त्यावर असलेल्या माणसाचा जीव आहे.

भाची : त्यांच्याकडे अचानक तीन लाख लागले तर आहेत का?

मामा : आहेत. पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवलेत.

भाची : मग त्यांनी घेतली ते बरोबर केलं. माझा हिशोब एवढाच आहे, मामा. गाडीच्या किमतीचा निदान पाव हिस्सा बँकेत बाजूला, न मोडता. तो नसेल तर ती किंमत आपल्याला परवडलेली नाही. आणि डिस्कव्हरी? ती तर पैसे असूनही नाही.

मामा : डिस्कव्हरीवर मी तुझ्याशी सहमत होणार नाही. गाडीवर प्रेम करणारा, दुसरी गाडी घरात असणारा माणूस तो धोका समजून-उमजून घेऊ शकतो.

भाची : समजून-उमजून घेणारा असा माणूस तुम्हाला वर्षात किती वेळा भेटतो?

मामांनी यावर काही सांगितलं नाही, आणि मलाही इथे भाचीचंच पटतं. क्रँकची गोष्ट माहीत असूनही "आपल्याला काही होणार नाही" म्हणत घेणारेच जास्त. ज्या बिघाडाची आगाऊ सूचना मिळत नाही, त्याला अनुभवाने उत्तर देता येत नाही. तिथे फक्त पैसा लागतो, आणि तोही इंजिनाच्या किमतीएवढा.

भाची : मग दादाला काय सांगू?

मामा : ही गाडी घेऊ नको म्हणावं. गाडी वाईट आहे म्हणून नाही. मी बघितली ती, दरी कोरडी आहे, रेकॉर्ड चोख आहे. पण आठ किलोमीटरच्या रोजच्या फेऱ्यांत वर्षभरात तिचं वाटोळं होईल आणि दोष मर्सिडीजला लागेल. त्याला मोठी गाडीच हवी असेल तर पेट्रोल बघू दे. ॲव्हरेज कमी मिळेल, पण एवढ्या कमी धावेत त्याने फारसा फरक पडत नाही. आणि त्या एमएलचा नंबर माझ्याकडे ठेव. साताऱ्याच्या एका ठेकेदाराला सांगतो, त्याला हीच गाडी दहा वर्षं पुरेल.

दादाने ती गाडी घेऊ नये, हा या दोघांचा निकाल मला योग्य वाटतो. वाचकांपैकी कोणी अशी गाडी बघत असेल तर आधी आपल्या रोजच्या प्रवासाचे किलोमीटर कागदावर लिहावेत, मग बाजूला ठेवता येईल अशी रक्कम. दोन्ही आकडे जुळले तरच गाडी बघायला जावं, आणि जाल तेव्हा सकाळी, इंजिन गार असताना. बॉनेटवर हात ठेवून बघा. गाडी आधीच तापवून ठेवलेली असेल, तर त्या दिवशी सौदा करू नका.